फळ्यावरची थंडी

५ जानेवारी १९९३
पेटीत ४.६. फळ्यावर ४.६.

खतवाल्या दुकानदाराने डायरी फुकट दिली. मुखपृष्ठावर युरियाचं पोतं आहे. मास्तरला एवढंच मिळतं.

मी शिरसमाळच्या शेतकी शाळेत विज्ञान शिकवतो. शिवाय शाळेच्या आवारात चार पायांवर उभी असलेली पांढरी जाळीची पेटी उघडून रोज सकाळी साडेआठला आतला थर्मामीटर वाचतो. रात्रीत पारा खाली कुठवर गेला ते तिथे कळतं. मग तो आकडा शाळेच्या रजिस्टरात, तिथून मारुतीच्या पारावरच्या फळ्यावर, आणि तिथून फोनने नाशिकला महेशकडे. महेश पेपरात आहे. कामं तीन, पगार एक.

आज महेश म्हणाला, "सर, चार पॉइंट सहा काय कामाचं? निफाड चारवर आहे. पहिल्या नंबरचं गाव हेडिंगला जातं. बाकीचे 'परिसरातही थंडी' मध्ये."

म्हणजे आम्ही परिसर. तीन हजार वस्ती, दोन दूध डेअऱ्या, एक शेतकी शाळा, आणि गावाचं नाव परिसर. राग आला.

६ जानेवारी १९९३
पेटीत ५.२. फळ्यावर ३.२.

हात घसरला असं लिहिणार होतो, पण या वहीत तरी कशाला? हात घसरला नाही, मी घसरवला. पारावर वीस-पंचवीस माणसं माकडटोप्या घालून उभी होती. चहाचे कप धरून माझ्या खडूकडे बघत होती. पाच लिहिलं असतं तर सगळे निराश होऊन घरी गेले असते. तीन लिहिलं तर काय उत्साह! जो तो दुसऱ्याला सांगायला लागला की पहाटे तो कसा मरता मरता वाचला.

रजिस्टरातही ३.२ च लिहिलं. फळा आणि रजिस्टर यांचं जमलंच पाहिजे. पण खरा आकडा कुठेतरी ठेवायला हवा, नाहीतर झोप लागत नाही. तो इथे ठेवतो.

७ जानेवारी १९९३
पेटीत ५.०. फळ्यावर ३.०.

"शिरसमाळ गारठले! निफाडलाही मागे टाकले." ठळक अक्षरात. चिमाजीभाऊ सरपंचांनी दहा अंक विकत आणले आणि एक फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावला. तिथे आधी पाणीपुरवठा योजनेचा नकाशा होता. योजना काही येत नाही, थंडी तर आली. आमच्या चंद्रभागेने अंकाकडे बघून विचारलं, "तीन? काल तर तुम्ही नुसत्या बंडीवर अंगणात दात घासत होता." तिला विज्ञान कळत नाही.

२६ जानेवारी १९९५
पेटीत ६.१. फळ्यावर ३.४.

झेंडावंदनानंतर माझा सत्कार. शाल, नारळ आणि 'हिवाळाभूषण' असं लिहिलेलं मानपत्र. चिमाजीभाऊ भाषणात म्हणाले की सरांनी गावाला थंडी मिळवून दिली. टाळ्या. शाल अंगावर घेऊन उन्हात वीस मिनिटं उभा राहिलो, घामाने सदरा पाठीला चिकटला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? इथे तरी.

११ जानेवारी १९९६
पेटीत ६.८. फळ्यावर ३.८.

आज जरा पंचाईत झाली. आमच्या पोरीला, भाग्यश्रीला, हल्ली माझ्याबरोबर पेटीकडे यायची हौस लागली आहे. साडेनऊ वर्षांची आहे, विटांवर उभी राहून आत डोकावते. मी आज रजिस्टर शोधत होतो तेवढ्यात हिने वाचून टाकलं आणि पारावर, सगळ्यांसमोर, मी फळ्यावर ३.८ लिहिल्यावर म्हणते, "आण्णा, सहा पॉइंट आठ होतं ना?"

सगळी माकडटोपी सभा माझ्याकडे वळली. भिका द्राक्षवाला तर कपच खाली ठेवून बघायला लागला.

मी हसलो. म्हणालो, "पोरीची नजर कच्ची आहे." सगळे हसले. भिका म्हणाला, "चष्मा लावा सर तिला, पुढं पोरगा बघायला येईल तवा सासऱ्यालाच हार घालायची." आणखी हसले. ती नाही हसली.

खरं म्हणजे पोरगी बरोबर वाचत होती. दशांशासकट. तिच्या वयाचा असताना मला फूटपट्टी धड वाचता येत नव्हती.

२० जानेवारी १९९६
पेटीत ७.०. फळ्यावर ४.०.

भाग्यश्रीला नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. गावासमोर बोललो होतो, न नेऊन चालणार कसं? डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, का आणलं? मी म्हटलं, खात्री करावी म्हणून. येताना तिला बसस्टँडवर उसाचा रस पाजला. वाटेत तिने एकच विचारलं, "मग मला चुकीचं का दिसलं?" मी म्हटलं, होतं असं कधी कधी.

आता ती पेटीकडे येत नाही. थंडी वाजत असेल.

२ जानेवारी १९९८
पेटीत ६.९. फळ्यावर २.८.

आज तर गावच दिसत नव्हतं. साडेआठला पेटी शोधायला चाचपडत गेलो. सगळीकडे काळा धूर आणि रबराचा वास. काल फळ्यावर तीन लिहिलं होतं, ते वाचून द्राक्षबागायतदार घाबरले. गारठ्याने मणी तडकतात म्हणून पहाटे बांधाबांधाला शेकोट्या पेटवल्या. भिकाने तर सिन्नरच्या गॅरेजमधून ट्रॅक्टरभर जुनी टायरं आणून जाळली.

तोंड काजळलेलं, डोळे लाल, अशा अवतारात तो शाळेत आला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "सर, तुमी आकडा दिला म्हून बाग वाचली. नायतर लय नुकसान होतं."

न आलेल्या थंडीपासून बाग वाचली. मी म्हटलं, कर्तव्यच आहे. हात धुवायला दोनदा साबण लागला.

९ जानेवारी २००२
पेटीत ८.३. फळ्यावर ३.५.

माझा थर्मामीटर म्हातारा झाला. पूर्वी दोन कमी केले की भागायचं, आता जवळजवळ पाच कमी करावे लागतात. दरवर्षी थोडा थोडा वर वाचतो आहे. वयोमानाने सगळ्यांचंच असं होतं. संस्थेकडे नव्याची मागणी केली आहे. जुना वैतागला असेल बिचारा, इतकी वर्षं एकटाच खरं बोलतोय.

चंद्रभागेने माळ्यावरून एकच गोधडी काढली. म्हटलं, दुसरी? म्हणाली, "दुसरी लागते कुठं आता? चार हिवाळे झाले, वरच पडून हाय. बहिणीला देऊन टाकते." गावात तीन डिग्री आणि माझ्या घरात एक गोधडी. बाहेर कळलं तर काय अब्रू राहील!

२२ जानेवारी २००२
पेटीत ८.८. फळ्यावर ३.६.

नवा थर्मामीटर आला. जुन्याशेजारी ठेवला. दोन्ही ८.८. हल्लीच्या कंपन्या जुना माल बघूनच नवा बनवतात वाटतं. भरवसा कुणावर ठेवायचा?

१८ नोव्हेंबर २००७
पेटीत १३.२. फळ्यावर ९.०. अजून हंगाम लागायचा आहे.

भाग्यश्री नाशिकहून आली. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पर्यावरणशास्त्र. जेवताना म्हणाली, प्रबंधाचा विषय मिळाला: नाशिक भागातली रात्रीची थंडी आणि हवामानबदल. मी भाकरी मोडत होतो.

"पंधरा वर्षांची सलग नोंद कुठं मिळते, आण्णा? मॅडमना सांगितलं, माझ्या घरीच आहे. एक दिवस चुकलेला नाही." डोळे काय चमकत होते तिचे!

मग आईला समजावून सांगत बसली. पेट्रोल, कोळसा, जे जे आपण जाळतो त्याचा कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो. दिवसा तापलेली जमीन रात्री ती उष्णता वर सोडते, पण हा वायू ती पुरती जाऊ देत नाही. हवेच्या दहा लाख भागांत पूर्वी याचे दोनशे ऐंशी भाग होते, आता तीनशे ऐंशीच्या वर गेलेत. "म्हणजे बघ आई, पृथ्वीवर गोधडी टाकलीय आणि दरवर्षी तिला आणखी एक पदर शिवतोय आपण. रात्रीची थंडी त्यानं कमी होते."

चंद्रभागा म्हणाली, "तरीच आपली माळ्यावर गेली." आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी पाणी मागितलं.

थर्मामीटर म्हातारा झाला नव्हता तर.

१६ डिसेंबर २००७
पेटीत १०.४. फळ्यावर ४.१.

सगळी रजिस्टरं भाग्यश्री घेऊन गेली होती, आज आलेख घेऊन आली. सगळ्या जिल्ह्याची रेघ वर जाते आणि शिरसमाळची एकटीची सरळ, उलट जरा खालीच. तिच्या मॅडम म्हणे आलेख बघून खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या, ही असाधारण गोष्ट आहे, फेब्रुवारीत पुण्याच्या परिषदेत तू मांड, बाहेरच्या देशांतले लोक येणार आहेत.

हे चिमाजीभाऊंना कळायला एक तास लागला. संध्याकाळी पेंटर वेशीवर शिडी लावून उभा. आधीच्या दोन पाट्या होत्या, 'हागणदारीमुक्त गाव' आणि 'तंटामुक्त गाव'. पहिल्या पाटीच्या मागे लोक अजून बसतात आणि दुसरी कुठे लावायची यावरून डोकी फुटली होती. आता तिसरी: 'ग्लोबल वॉर्मिंगमुक्त गाव, शिरसमाळ. आपले स्वागत आहे.'

चिमाजीभाऊ म्हणाले, "सर, जग जळूंद्या, आपलं गाव गार हाय. पुण्याला आपली पोरगी सांगणार."

मी पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. नाही कसं म्हणणार? हिवाळाभूषण आहे मी.

३० डिसेंबर २००७
पेटीत ९.९. फळ्यावर ३.२.

विचार केला. तिला सांगितलं तर माझं काय होईल हे सोडा, होऊ दे. न सांगितलं तर पुण्यात कुणीतरी शहाणा उठून विचारेल, पोरी, तुझ्या गावावरून वारा वाहत नाही का? चार कोसांवरची रेघ वर आणि तुझी खाली? मग ती सगळ्यांसमोर उभी राहून सांगेल, माझ्या आण्णांनी वाचलंय. लोक हसतील. आणि तिच्या नावापुढे कायमचं लागेल, खोटे आकडे देणारी.

उद्या सांगतो.

३१ डिसेंबर २००७
पेटीत १०.२. फळ्यावर ३.५.

वर्षाचा शेवटचा दिवस. अशा दिवशी कुणाचा मूड कशाला घालवायचा?

४ जानेवारी २००८
पेटीत १०.०. फळ्यावर ३.४.

भाग्यश्रीने कॉलेजातून एक यंत्र आणलंय. काडेपेटीएवढं, आपलं आपणच तासातासाला तापमान लिहून ठेवतं. आमच्या पेटीत ठेवलं. मी मुद्दाम विचारलं, कशाला? म्हणाली, "तुमच्या नोंदीला आधार म्हणून. मॅडम म्हणाल्या, आठवडाभर दोन्ही शेजारी ठेव."

काडेपेटीएवढ्या वस्तूची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

१२ जानेवारी २००८
पेटीत ९.७. फळ्यावर ३.३.

आज तिने यंत्र कॉम्प्युटरला जोडून बघितलं. मी ओसरीत पेपर उलटा धरून बसलो होतो. म्हटलं, बरं झालं, आता ती स्वतःच बोलेल. ओरडेल, रडेल, काय करायचं ते करेल. मला तोंड उघडायला नको.

बाहेर आली ती पडलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, "माझं यंत्र बिघडलंय, आण्णा. रोज सहा-साडेसहा डिग्री जास्त दाखवतंय. आठवडा वाया गेला. पुसून टाकते सगळं."

मी म्हटलं, "यंत्रच बिघडलंय कशावरून?"

"मग काय, तुम्ही पंधरा वर्षं चुकीचं वाचलं? मी मघाशी पेटी उघडून स्वतः पण बघितलं, मला दहाच्या जवळपास दिसलं. पण माझं काय, लहानपणापासून माझी नजर कच्ची आहे."

सहज म्हणाली. हसत. आणि आत गेली.

डॉक्टर म्हणाले होते डोळे उत्तम आहेत. पोरीने बारा वर्षं डॉक्टरवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. आज दोन वेळा समोर खरं दिसलं, यंत्रात आणि स्वतःच्या डोळ्यांनी, आणि तरी ती ते पुसायला निघाली. हे मी शिकवलं तिला. विज्ञानाचा मास्तर आहे मी. लाज वाटते.

मी हाक मारली, "पुसू नको. थांब जरा."

ती थांबली, मग चंद्रभागा तिच्या मागे येऊन उभी राहिली, आणि मी म्हणालो, "चहा कर." धन्य!

१५ जानेवारी २००८. संक्रांत.
पेटीत ९.४. फळ्यावर ९.४.

आजच्या दिवशी गोड बोलायचं असतं. मी खरं बोललो, तोंड अजून कडू आहे.

सकाळी भाग्यश्रीला म्हटलं, चल पेटीकडे. म्हणाली, मी कशाला? म्हटलं, चल. तिला वाचायला लावलं. वाकली, बघितलं, कचरली. "नऊ पॉइंट चार? नसेल."

"आहे. तेवढंच आहे," मी म्हटलं.

पारावर आज सणाची गर्दी. फळ्यावर ९.४ लिहिलं. सगळे वाट बघत उभे राहिले, मी पुसून काही तरी लिहीन म्हणून. चिमाजीभाऊ म्हणाले, "सर, आकडा चुकला का काय?"

"आजचा बरोबर आहे, भाऊ. मागचे चुकले. पंधरा वर्षांचे." मग एकदा तोंड उघडलं ते मिटेना. दोन डिग्रीपासून सहा डिग्रीपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि शहाण्णव साली या पोरीने तुमच्यासमोर सहा पॉइंट आठ सांगितलं, ते बरोबर होतं. नजर तिची पक्की होती. कच्चा मी होतो."

भिकाने डोक्यावरची माकडटोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "तरीच मेलं एवढं गदमदत हुतं." मग टोपीकडे बघत राहिला. "म्हंजी सर, ती टायरं?"

"उगाच जाळलीस, भिका. गोधडीला एक पदर तू शिवलास, दोरा मी दिला."

त्याला गोधडीचं काही कळलं नाही, पण टायरांचं कळलं. तो टोपी खिशात कोंबून निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. चिमाजीभाऊंनी एवढंच विचारलं, की पाटी लावून महिनाच झालाय, आता काय करायचं? मी म्हटलं, राहू द्या, आधीच्या दोन कुठे खऱ्या आहेत?

भाग्यश्री माझ्या आधी घरी निघून गेली होती. दार लावून बसली. चंद्रभागा म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत हुते. पंधरा वर्षं लागतील असं नव्हतं वाटलं."

दुपारी मी माळ्यावरून या सगळ्या डायऱ्या काढल्या. पंधरा. युरिया, कीटकनाशक, सहकारी बँक, सगळी मुखपृष्ठं. तिच्या दाराबाहेर ठेवल्या आणि म्हटलं, "खरे आकडे यात आहेत. रोजचा एक. बाकीचं वाचू नको, त्यात मी आहे."

१९ जानेवारी २००८
पेटीत १०.१. फळ्यावर १०.१. फळ्याजवळ मी, खडू आणि एक कुत्रं.

महेशला फोन केला. म्हणाला, "दहा? सर, बातमी होत नाही." म्हटलं, हीच बातमी आहे. त्याने फोन ठेवला.

भाग्यश्री चार दिवस माझ्याशी बोलली नाही. 'हो' आणि 'नको' सोडून. बाकीचं वाचू नको म्हटलं तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात तिच्या मावशीबद्दल काय काय लिहिलंय ते आठवून मी दोन रात्री तळमळतोय. प्रबंध नव्याने लिहायला घेतलाय. म्हणते, आपली रेघ आता सगळ्यांसारखी वर जाते. पुण्याची परिषद गेली. मी म्हटलं, माझ्यामुळे. म्हणाली, "हो." गोड बोलायचा सण संपला होताच.

२१ जानेवारी २००८
पेटीत ९.८. फळ्यावर ९.८.

आज भाग्यश्री नाशिकला परत गेली. जायच्या आधी साडेआठला स्वतःहून पेटीकडे आली. मी खिशातून चष्मा काढेपर्यंत तिने वाचून टाकलं आणि रजिस्टरात लिहूनही टाकलं. मला विचारलंसुद्धा नाही.

डायऱ्या परत करून गेली. आकडे सगळे उतरवून घेतले म्हणाली. नंतर चाळून बघितलं तर शहाण्णव सालच्या वहीतलं एक पान नाही. ११ जानेवारीचं. ब्लेडने, कडेने नीट कापून घेतलंय.

चंद्रभागेला विचारलं तर म्हणाली, तिनं पाकिटात ठेवलंय, तुम्ही विचारू नका. आता त्या पानावर आकडे ते किती? दोन. पंधरा वर्षांच्या संशोधनात त्या दोन आकड्यांचं एवढं काय अडलं होतं, मला काही कळलं नाही.